सहा महिन्यांच्या बोलीवर आलेले योगशिक्षक

आमच्या घरीं पहाटे साडेपांच वाजतां ओसरीवर सतरंज्या पडतात, आणि पुढें तासभर तेथें मोठ्यानें बोलण्याची कोणासहि मुभा नसते. धाकटी सून, शेजारच्या दोन गृहिणी, एक सेवानिवृत्त तलाठी आणि शाळेस सुटी असेल तेव्हां आमची नात, एवढाच माझा शिष्यवर्ग. शुल्क कांहीं नाहीं; मात्र उशिरां येणाऱ्यास परत पाठविण्याचा माझा अधिकार सर्वांनीं मान्य केला आहे. मीं शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवरून कवाईतीचा व आसनांचा तासहि घेतला. मी स्वतः मॅट्रिक झालेला. पुढें पाठशाळेंत थोडें व्याकरण व काव्य झालें, अध्यापनाची पदविका मिळाली, आणि पोटापाण्याची सोय झाली. आसनें बाराव्या वर्षीं आजोबांकडून शिकलों, तीं अद्यापि सुटलेलीं नाहींत. पण हा लेख माझ्याविषयीं नाहीं. निदान तसा हेतु नाहीं. ज्यांच्या चरित्रामुळें मला आपल्याच शिकविण्याकडे पुन्हां एकवार वळून पाहणें भाग पडलें, त्या बी. के. एस. अय्यंगार यांजविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. माझी एक गोष्ट त्यांत ओघानें येईल, तिला माझा इलाज नाहीं.

अय्यंगारांचें नांव न ऐकलेला सुशिक्षित मनुष्य पुण्यांत विरळाच. परंतु नांव ऐकणें निराळें आणि तो मनुष्य कोणत्या वाटेनें आला हें ठाऊक असणें निराळें. १४ डिसेंबर १९१८ रोजीं त्या वेळच्या म्हैसूर संस्थानांत, कोलार जिल्ह्यांतल्या बेळ्ळूर नांवाच्या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. तें साल इन्फ्लुएंझाच्या साथीचें. ज्या साथीनें आपल्याकडेहि घरेंच्या घरें ओस पाडलीं, तिनें या मुलाच्या आईस ऐन गरोदरपणांत गांठलें होतें. तेरा भावंडांतलें हें अकरावें. वडील शाळामास्तर, मुलगा नऊ वर्षांचा असतांनाच ते वारले. पुढें हिंवताप, विषमज्वर आणि क्षय असे रोग एकामागून एक त्या शरीरांत बिऱ्हाड करून गेले. हातापायांच्या काड्या, पुढें आलेलें पोट, मानेला न पेलणारें डोकें, असें स्वतःचें त्या वेळचें वर्णन ते पुढें मोठेपणीं निःसंकोचपणें करीत. असलें मूल आपल्या एकत्र कुटुंबांतून प्रत्येकीं एखादें तरी असतें. त्याच्या वांट्यास दूध अधिक येतें, पण आशा मात्र कोणी बाळगीत नाहीं.

त्यांची एक बहीण म्हैसूरच्या तिरुमलै कृष्णम्माचार्यांस दिलेली होती. हे आचार्य संस्कृतांतले मोठे पंडित. काशीस शिकलेले, दर्शनशास्त्रांत मुरलेले. म्हैसूरच्या महाराजांनीं, म्हणजे चौथ्या कृष्णराज वडियारांनीं, त्यांस जगन्मोहन राजवाड्यांत योगशाळा काढून दिली होती. १९३४ सालीं आचार्यांनीं या मेहुण्यास आपल्याकडे आणविलें. योग शिकवून पंडित करावा असा कांहीं त्यांचा संकल्प दिसत नाहीं. घरांतलें एक माणूस, बहिणीस सोबत, बागेस पाणी, असाच प्रथम प्रकार. पण आचार्यांचा एक आवडता शिष्य, ज्याच्या आसनांवर सारी भिस्त होती, तो एके दिवशीं घरांतून निघून गेला. प्रात्यक्षिकाचा दिवस जवळ आलेला. तेव्हां आचार्यांची दृष्टि या अशक्त मुलाकडे वळली. अय्यंगार सांगत असत कीं गुरूंनीं समोर बसवून असें शिकविलें तें उणेपुरे पंधरा दिवसच. बाकीचें सारें पाहून, मार खाऊन आणि एकट्यानें धडपडून.

एक प्रसंग मला फार दिवस झोंप लागूं देत नसे. प्रात्यक्षिकासाठीं एक प्रतिष्ठित न्यायाधीश आलेले होते, आणि आचार्यांनीं मेहुण्यास हनुमानासन करण्यास फर्माविलें. हें आसन ठाऊक नसणाऱ्यांसाठीं सांगतों: एक पाय सरळ पुढें, दुसरा सरळ मागें, आणि दोन्ही जमिनीस सपाट टेकलेले. मुलास आसनाचें नांवहि ठाऊक नव्हतें. तें कसें करावयाचें हें समजतांच भय वाटून त्यानें सबब काढली कीं चड्डी घट्ट आहे, पाय तितके पसरणार नाहींत. गुरूंनीं कात्री मागविली आणि चड्डीच्या दोन्ही बाजू कापविल्या. मग सबब उरली नाहीं. मुलानें आसन केलें, पाहुणे खूष झाले, आणि मांडीच्या मागची शीर फाटून तो पुढें कितीतरी काळ धड चालूं शकला नाहीं.

हें सांगतांना अय्यंगारांनीं गुरूविषयीं अनादर कधीं दाखविला नाहीं. मात्र गोष्ट दडविलीहि नाहीं, आणि दोन्ही एकाच वेळीं साधणें सोपें नव्हे. आपल्याकडे शिष्य एक तर गुरूचे पाय धुतो, नाहीं तर त्याला विसरतो.

शिकविण्याचा योग मुलाच्या आयुष्यांत अगदीं अकल्पित रीतीनें आला. १९३६ सालीं आचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर असतां धारवाडास कांहीं स्त्रियांनीं आसनें शिकण्याची इच्छा दर्शविली. थोराड पुरुषांकडून शिकण्यास त्या काळच्या स्त्रियांस संकोच वाटणें साहजिक होतें. मंडळींत वयानें सर्वांत लहान हा, म्हणून त्याला पुढें केलें. वाचक भगिनींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जगांतील मोठमोठ्या लोकांस शिकविणाऱ्या या गुरूचा पहिला वर्ग बायकांचा होता. त्याच दौऱ्यांत बेळगांवास सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनीं हीं आसनें पाहिलीं. शरीराचा अभ्यास केलेला तो मनुष्य. एखादा सांधा असा वळूं शकतो हें पाहून त्यांस कुतूहल वाटलें. पुढें ते पुण्यास आल्यावर त्यांनीं आचार्यांस लिहिलें कीं डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास एक शिक्षक पाठवा. शिष्यांत थोडेंफार इंग्रजी येणारा हाच. आणि गंमत अशी, कीं मॅट्रिकच्या परीक्षेनें त्याला पार होऊं दिलें नव्हतें! मी मॅट्रिक झालेला मास्तर हें लिहितों तेव्हां मला थोडें ओशाळल्यासारखें होतें.

अशा रीतीनें १९३७ सालीं वयाच्या अठराव्या वर्षीं अय्यंगार पुण्यास आले, तेहि सहा महिन्यांच्या बोलीवर. तीं सहा महिन्यांचीं पुढें सत्याहत्तर वर्षें झालीं.

त्या पुण्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. तालमी गजबजलेल्या, जोर-बैठकांस मान होता. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची तपासणी क्ष-किरणांनीं व यंत्रांनीं सुरू केली होती. हे स्वामीजी म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे. मूळचे संस्कृतज्ञ, अमळनेरास शिक्षक होते. म्हणजे योग हा विषय महाराष्ट्रास परका नव्हता. परका होता तो हा मुलगा. मराठीचें अक्षर येत नाहीं, शेंडी राखलेली, अंगावर मांस नाहीं; आणि शिष्य कोण? तर कॉलेजांतले धडधाकट तरुण, वयानें मोठे, शिक्षणानें मोठे, ताकदीनें कितीतरी मोठे. तीं मुलें त्याला हंसत. पुष्कळ आसनें त्यांना त्याच्यापेक्षां चांगलीं येत. तो स्वतःच पुरता शिकलेला नव्हता, आणि विचारावयास गुरु शेंकडों मैल दूर.

येथें मास्तर या नात्यानें थोडें विषयांतर करतों. जो विषय आपल्यास उत्तम येतो तो आपण उत्तम शिकवितों हा मोठा भ्रम आहे. मला शब्दरूपें मुखोद्गत होतीं. तीं एखाद्या मुलास कां येत नाहींत हें मला कळतच नसे, आणि न कळल्यामुळें मी रागावत असें. उलट भूमिति माझी कच्ची. एका वर्षीं शिक्षक कमी पडल्यामुळें तीच माझ्या गळ्यांत पडली. आदल्या रात्रीं प्रमेय स्वतः सोडवावयाचें, अडावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं मुलगा कोठें अडेल तें आधींच ओळखावयाचें. त्या वर्षीं भूमितींत कोणी नापास झालें नाहीं. अय्यंगारांची गत अशीच झाली. समोरच्याचें आसन कां बिघडतें हें पाहावयाचें, घरीं येऊन तीच चूक स्वतःच्या शरीरांत मुद्दाम करून पाहावयाची, मग ती काढावयाची. दिवसाचे दहा-दहा तास अभ्यास चाले. मुदत वाढत वाढत तीन वर्षें झाली आणि मग संपली. त्यानंतरचे दिवस अन्नान्न दशेचे. थोडा भात, नाहीं तर नुसता चहा, नाहीं तर नळाचें पाणी. सायकलवरून एकेका शिकवणीस जावें, आणि शिकवण्या तरी किती? योग शिकविणाऱ्यास मुलगी द्यावयास लोक तयार नसत.

द्रव्य घेऊन योग शिकवावा कीं नाहीं, हा वाद आमच्या घरांत वडिलांच्या वेळेपासून आहे. विद्या विकूं नये, असें वडील आग्रहानें म्हणत. वडिलांस थोडेंसें इनाम होतें. मीहि शुल्क घेत नाहीं. मला निवृत्तिवेतन आहे. ज्याला इनामहि नाहीं आणि निवृत्तिवेतनहि नाहीं, त्यानें बायकामुलांस काय वाढावें, याचें उत्तर आम्हीं कोणीं दिलेलें नाहीं. म्हणून अय्यंगारांनीं योगावर प्रपंच चालविला यांत उणें पाहणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं.

१९४३ सालीं त्यांचा विवाह झाला. पत्नीचें नांव रमामणि. त्यांना योगाचा गंधहि नव्हता. पतीनें त्यांना आसनें शिकविलीं, आणि मग त्यांनीं पतीच्या आसनांतले दोष पाहून सांगावयाचे, असा क्रम पडला. आरसा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांत याहून चांगला आरसा कोणता? पांच मुली व एक मुलगा, असा संसार वाढला. वडील कन्या गीता व पुत्र प्रशांत हे दोघेहि पुढें या विद्येचे नामांकित शिक्षक झाले. स्त्रियांच्या शरीरधर्मास अनुसरून आसनांचा विचार गीताबाईंनीं ग्रंथरूपानें केला. तो ग्रंथ आमच्या सुनेच्या उशाशीं असतो आणि मला तो मागून घ्यावा लागतो.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यांत आटोपतों. १९५२ सालीं सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईस आले असतां अय्यंगारांची व त्यांची गांठ पडली. थोड्या मिनिटांची म्हणून ठरलेली ती भेट तासांवर गेली. श्रमानें थकलेल्या, झोंप हरपलेल्या त्या कलावंतास या शिक्षकानें विश्रांति म्हणजे काय तें दाखविलें. १९५४ सालीं मेन्युहिनांनीं त्यांना स्वित्झर्लंडास नेलें आणि ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिनगुरु’ या अर्थाचे शब्द कोरलेलें एक घड्याळ भेट दिलें. व्हायोलिनच न वाजविणाऱ्यास दिलेली ही पदवी! बेल्जमच्या वृद्ध राणी एलिझाबेथ यांनीं ऐंशीच्या घरांत असतां त्यांच्याकडून शीर्षासन शिकून घेतलें. जे. कृष्णमूर्ति हेहि त्यांच्यापाशीं शिकले. १९६६ सालीं ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनशें आसनें, आणि त्यांचीं शेंकडों छायाचित्रें. एकेक स्नायु कसा लागला आहे तें पाहून घ्यावें. १९९१ त पद्मश्री, २००२ त पद्मभूषण, २०१४ त पद्मविभूषण. त्याच वर्षीं २० ऑगस्टला, पंचाण्णवाव्या वर्षीं, पुण्यासच त्यांचें देहावसान झालें. जागतिक योगदिन पाळला जाऊं लागला तो पुढच्या वर्षापासून.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या शिकवण्यांतील एक अगदीं साधी, सुतारकामासारखी गोष्ट. पतंजलींनीं आसनाविषयीं जेमतेम तीन सूत्रें लिहिलीं. आसन स्थिर असावें, सुखकारक असावें, प्रयत्नाची ओढाताण निवळलेली असावी, असा तेथील आशय. मीं हीं सूत्रें वर्गांत वर्षानुवर्षें भाष्यासह शिकविलीं. परंतु ज्याचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोंचतच नाहीं, त्यानें सुख कोठून आणावें, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. अय्यंगारांना पडला. त्यांनीं लांकडाच्या विटा घेतल्या, पट्टे घेतले, घोंगड्यांच्या घड्या घातल्या, लोखंडी घडीच्या खुर्चीची पाठ काढून टाकली, भिंतीस दोर बांधले. हात जमिनीस टेकत नाहीं? मग जमीन विटेनें वर आणा. पाय पकडतां येत नाहीं? मग पट्ट्यानें हात लांब करा. तरुणानें जें आसन अर्धा मिनिट दांत खाऊन करावें, तेंच साठीच्या रुग्णानें दोरावर वा खुर्चीवर दहा मिनिटें शांत चित्तानें करावें. ज्याची मांडी एके काळीं कात्री लावून फाडली गेली, त्यानेंच हें शोधलें, ही मला केवळ योगायोगाची गोष्ट वाटत नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट न लिहिली तर मी भाट ठरेन. स्वतः अय्यंगारांच्या शिकविण्यांतील उग्रता प्रसिद्ध होती. वर्गांत ते गर्जत, बेसावध शिष्याच्या पाठीवर, मांडीवर थाप मारीत. त्यांचे भक्त म्हणत कीं ती थाप त्या अवयवास जागें करण्यासाठीं असे. कांहीं जणांस ती नुसतीच थाप वाटली. गुरूचा स्वभाव शिष्यांत कसा उतरतो याचें हें उदाहरण आहे. त्यांच्या विद्येविषयीं मला नितांत आदर आहे; या थापेविषयीं मात्र नाहीं. कारण ती थाप मीहि दिलेली आहे, आणि माझ्यापाशीं त्यांची दृष्टि नव्हती.

ती गोष्ट १९८६ सालची. आठवीचा वर्ग, आसनांचा तास, आणि गॅदरिंग तोंडावर आलेलें. पंचवीस मुलें एका ओळींत पश्चिमोत्तानासनांत वांकलेलीं, सर्वांचीं कपाळें गुडघ्यांस टेकलेलीं, असें दृश्य पाहुण्यांस दाखवावयाचें माझ्या मनांत होतें. चोवीस कपाळें टेकत. एक टेकत नसे. मुलगा हुशार, आज्ञाधारक, पण अंगानें लांकडासारखा ताठ. मी रोज त्याला म्हणें, “वांक, अजून वांक.” एके दिवशीं मीं त्याच्या पाठीमागें जाऊन दोन्ही तळहात त्याच्या पाठीवर ठेवले आणि अंगाचा भार टाकला. कपाळ टेकलें. त्यानें तोंडांतून आवाज काढला नाहीं. मला वाटलें, जमलें! दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. आठवड्यानें आला तो डावा पाय ओढीत. त्याची आई शाळेंत आली होती. ती म्हणाली, “गुरुजी, आसनांतून त्याला थोडे दिवस सूट द्या. विहिरीवर पाय घसरून पडलाय म्हणतो.” मीं सूट दिली. गॅदरिंग छान झालें. पाहुण्यांनीं चोवीस मुलांचें कौतुक केलें.

विहिरीची ती गोष्ट मीं खरी मानली, म्हणजे मानावयाचें ठरविलें. आसनें रोजच्या रोज करीत राहिलों, त्यांत खंड पडला नाहीं, आणि त्या नियमितपणाचा मला अभिमानहि होता.

निवृत्तीनंतर माझे गुडघे बोलूं लागले. पद्मासन सुटलें, मग वज्रासन सुटलें. चाळीस-पंचेचाळीस वर्षें केलेलें आसन शरीर नाकारतें तेव्हां मनुष्यास आपलीच फसवणूक झाल्यासारखें वाटतें. अय्यंगारांचें चरित्र मीं खऱ्या अर्थानें वाचलें तें या दिवसांत. त्यांत मला आढळलें कीं १९७९ सालीं, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर, थोड्याच महिन्यांच्या अंतरानें त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. कणा, खांदे, गुडघे, सारेंच दुखावलें. ज्या देहाचीं छायाचित्रें जगभर गेलीं होतीं, त्याला साधीं आसनें येईनात. त्यांनीं नवशिक्या मुलासारखा आरंभ केला, स्वतःच्याच विटा व दोर स्वतःसाठीं वापरले, आणि पूर्वीच्या अभ्यासाजवळ येण्यास त्यांना सुमारें दहा वर्षें लागलीं. नव्वदी उलटल्यावरहि ते अर्धा अर्धा तास शीर्षासनांत राहत, हें अनेकांनीं पाहिलें आहे.

हें वाचून २०१८ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, मी पुण्यास मॉडेल कॉलनीजवळची त्यांची संस्था पाहावयास गेलों. संस्थेस रमामणिबाईंचें नांव आहे. १९७३ च्या जानेवारींत भूमिपूजन त्यांच्याच हातून झालें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या वारल्या. १९७५ सालीं इमारत उभी राहिली. योगाच्या आठ अंगांचे आठ खांब, वर निमुळती होत जाणारी वास्तु, प्रांगणांत पतंजलींची मूर्ति. मी भाविक मनुष्य. मूर्तीपुढें हात जोडले. परंतु मनांत घर केलें तें आंतल्या एका दृश्यानें. माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसते झाले होते, पाय लांब करून. शिक्षिका, वयानें माझ्या मुलीएवढी, त्यांच्याजवळ आली. मला वाटलें, आतां पाठीवर हात ठेवणार. तिनें त्यांच्या बैठकीखालीं एक घडी घातली, पाहिलें, आणखी एक घातली. तळव्यांभोंवतीं पट्टा दिला. पुढें एक खुर्ची ओढून तिच्यावर त्यांचें कपाळ टेकविलें. सारें मिळून दोन मिनिटें. गृहस्थांचे डोळे मिटले. मी गॅलरींत उभा होतों, आणि मला तें पंचविसावें कपाळ आठवलें.

घरीं आल्यावर मीं सुतारास बोलावून आठ विटा करून घेतल्या. सुनेनें विचारलें, “बाबा, हें कशाला?” मीं म्हटलें, “शिकवायला.” ओसरीवरचा वर्ग तेव्हांपासूनचा.

दोन वर्षांपूर्वीं एका लग्नांत तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ, बँकेंत अधिकारी, कानांवरचे केस पांढरे झालेले. वांकून नमस्कार केला, मुलांची ओळख करून दिली. पंगत खालीं होती. तो मात्र खुर्ची मागून घेऊन टेबलाशीं बसला. मीं सहज विचारल्यासारखें करून विचारलें, “पायाला काय झालंय?” तो म्हणाला, “काही नाही सर. लहानपणचं आहे. मांडी घालून फार वेळ बसवत नाही.” तेथें, मांडवांत, सनई चाललेली असतां, मला बोलणें सुचलें नाहीं. मीं वरण-भात कालविला आणि तो न जेवतांच उठलों.

महिनाभर गेला. मग मीं त्याला घरीं बोलाविलें. मंडळी आंत होती, आम्ही ओसरीवर बसलों. मीं त्याला खुर्ची दिली. मीं म्हटलें, “तुझा पाय विहिरीवर गेला नाही. मी दाबलं होतं तुला. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

तो कांहीं वेळ अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मलाही कळलं होतं, सर. ऐकू आलं होतं मला आतून.”

“मग आईला विहीर कशाला सांगितलीस?”

“तुम्ही दाबलंत म्हणालो असतो तर बाबांनी शाळेतनं काढलं असतं. आणि मला संस्कृत आवडत होतं.”

मीं मान खालीं घातली. सुनेनें चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

तो आतां दर रविवारीं येतो. मुलगी मोटारींतून आणून सोडते. पहिले तीन महिने मीं त्याला पुढें वांकूंच दिलें नाहीं. निजवून, तळव्यास पट्टा लावून, एक एक पाय वर. डावा पाय जेथवर सुखानें जाईल तेथवरच, आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण. डॉक्टरांची परवानगी आधींच घेतली होती. मग बसतें आसन सुरू केलें. तीन घड्यांवर बैठक, पट्टा, पुढें खुर्ची. माझा हात त्याच्या पाठीस लागत नाहीं. पट्ट्याचें टोंकहि तोच धरतो. गेल्या महिन्यांत एक घडी कमी केली. मागच्या रविवारीं खुर्ची काढून तिच्या जागीं दोन विटा ठेवल्या, तेव्हां सून म्हणाली, “बाबा, फार लवकर होतंय.” मीं विटा उचलल्या आणि खुर्ची परत ठेवली.